मदत हवी आहे : वडिलांचं बीपी, झोप आणि ध्यान

नमस्कार मंडळी. माझे वडील सोलापूरच्या पूर्व भागात यंत्रमागावर टॉवेल विणायचे, आता घरीच असतात. बीपीची गोळी चालू आहे, पण झोप लागत नाही. रात्री-अपरात्री उठून दारातल्या पायरीवर बसून राहतात. ओळखीतल्या एका काकांनी सांगितलंय, ध्यान सुरू करा आणि गोळी सोडा. गोळी सोडणं मला अजिबात पटत नाही.

वाचलं ते असं : २०१४ साली ४७ चाचण्यांचा एकत्रित आढावा निघाला. ध्यानाने चिंता, नैराश्य आणि वेदना थोड्या कमी होतात, पण झोपेबाबत ठोस पुरावा नाही, असं त्यात आहे. अमेरिकन हार्ट असोसिएशननेही २०१७ मध्ये ध्यानाचा विचार नेहमीच्या उपचारांना जोड म्हणूनच करावा असं म्हटलं. हे वडिलांना सांगितलं, तर म्हणतात, "काका काय खोटं बोलतील?"

सोलापुरात गोळ्या न थांबवता ध्यान शिकवणारं कुणी माहीत आहे का? गुडघ्यामुळे त्यांना मांडी घालता येत नाही, खुर्चीवर बसून चालेल का? तेलुगूतून समजावणारं कुणी असेल तर फारच बरं. आणि ज्यांच्या घरी बीपीचे पेशंट ध्यान करतात, त्यांनी अनुभव जरूर लिहा, मी वडिलांना वाचून दाखवेन.