मदत हवी आहे: डिझेल मुरलेल्या मातीचं सॅम्पल कसं काढू?
नमस्कार मंडळी, यवतमाळ जिल्ह्यात वावर आहे आमचं, धुऱ्याला लागून बंद पडलेला डिझेल पंप, टाकी अजून जमिनीतच. मागच्या पावसाळ्यापासून विहिरीच्या पाण्यावर रंगीत तवंग येतो, बैलं तोंड लावत नाहीत. लॅबवाले म्हणतात माती आणा. आता आपल्याला माहीत ते खतासाठीचं सॅम्पल, व्ही आकाराचा खड्डा, माती मिसळायची, चार भाग करून समोरासमोरचे दोन फेकायचे, सावलीत वाळवायची. पण इथं मिसळली-वाळवली तर डिझेलचा हलका भाग उडूनच जाईल, म्हणून काचेच्या बरणीत काठोकाठ दाबून भरायची, घट्ट झाकण, लगेच बर्फात ४ अंशाच्या आसपास, अन् दर वेळी ऑगर (जमिनीत फिरवून माती काढायचा गिरमिट) धुवायचा, एवढं समजलं.

अडचण काळ्या मातीची आहे भाऊ. उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, वर काही दिसलं नाही तरी तेल भेगेतून खाली मुरमापर्यंत गेलं असणार ना? मुरमात हँड ऑगर चालवलाय का कोणी, की मशीनच आणावी लागते? टाकी अन् विहिरीच्या मधात किती बोअर घेऊ, किती खोल? भोक नंतर बेंटोनाइटनं (पाण्यानं फुगणारी चिकणमाती) बुजवलं तर चालेल ना, नाहीतर पावसाचं पाणी त्यातूनच सरळ खाली जाईल. विहीर आजोबांनी खोदलेली आहे, घरचे सगळे तेच पाणी प्यायचे, कोणी हे काम केलं असेल तर प्लीज सांगा.