नागपूरहून दोन दिवस: वाकाटक आणि गोंड राजांच्या खुणा कशा क्रमाने बघाव्या?

धरमपेठकर: जानेवारीत पुण्याचे पाहुणे येताहेत. ताडोबा नको म्हणतात; जुनी देवळं, किल्ले, शिलालेख बघायचेत. शनिवार-रविवार हाताशी आहे, गाडी घरची. रामटेकला नुसतं दर्शन घेऊन परत यायचं नाही. क्रम कसा ठेवू आणि कशाला किती वेळ देऊ?

वैनगंगाकाठ: शनिवार पूर्ण मनसर, रामटेक आणि नगरधनला द्या. तिन्ही जागा मिळून वाकाटकांची, म्हणजे विदर्भातल्या जुन्या राजघराण्याची, एकच गोष्ट आहे, म्हणून त्या सुट्या बघू नका.

सकाळी आधी मनसर. जबलपूर हायवेवरून रामटेकचा फाटा तिथेच फुटतो. हिडिंबा टेकडीवरचं विटांचं बांधकाम उघड्यावर आहे, सावली जवळजवळ नाही. अकरानंतर जानेवारीतही डोकं तापतं. वाकाटक राजा दुसऱ्या प्रवरसेनाची राजधानी प्रवरपूर म्हणजे हेच, असं बहुतेक अभ्यासक मानतात. दीड तास ठेवा.

मग रामटेक. इथे हमखास चुकतं ते असं: गाडी थेट वर जाते, लोक राममंदिर करतात आणि उतरतात. गडावरची सगळ्यात जुनी देवळं म्हणजे केवल नरसिंह आणि रुद्र नरसिंह, पाचव्या शतकातली. बाहेरून बसकी, साधी दिसतात म्हणून कोणी थांबत नाही. आत एकाच दगडातला भलाथोरला बसलेला नरसिंह आहे, हात चक्रावर. केवल नरसिंहाच्या मंडपात भिंतीत शिलालेख आहे, त्यात प्रभावतीगुप्तेचा उल्लेख येतो. ती गुप्त सम्राट दुसऱ्या चंद्रगुप्ताची मुलगी, वाकाटकांची सून. नवरा लवकर गेल्यावर मुलांच्या नावाने वाकाटकांचं राज्य तिनेच चालवलं. लेखावर टॉर्च समोरून मारली तर सगळं सपाट दिसतं. भिंतीला जवळजवळ चिकटवून बाजूने धरा, अक्षरांच्या खाचांत सावली भरते आणि ओळी उठून येतात. लेखाला हात लावू नका, पाणी किंवा खडू तर मुळीच नाही.

वराह दरवाजाजवळचा एकसंध दगडाचा वराहही बघा. खाण्याची पिशवी गाडीतच ठेवा, माकडं हातातून ओढतात. उतरताना अंबाळा तलावाचे घाट करा. गडाला एकूण तीन तास.

महालची वाट: वरच्यात भर घालतो. नगरधन शेवटी ठेवा, रामटेकपासून सहा-सात किलोमीटर दक्षिणेला. हीच वाकाटकांची आधीची राजधानी नंदिवर्धन. आज दिसतो तो किल्ला मात्र पुष्कळ नंतरचा. तटबंदी बघून तिला वाकाटककालीन म्हणू नका, ही गफलत फार होते. 2015 ते 2018 च्या उत्खननात इथे प्रभावतीगुप्तेच्या नावाची मातीची मुद्रा मिळाली, तिच्यावर शंख आहे. सकाळच्या क्रमाचा उपयोग इथे होतो: आई प्रभावतीगुप्ता विष्णुभक्त, शंख आणि नरसिंह तिच्याकडचे, मुलगा प्रवरसेन शिवभक्त, मनसरच्या टेकडीवरचं विटांचं देऊळ शिवाचं. किल्ल्यात जमिनीखालचं देवीचं ठाणं आहे, पायऱ्या जपून उतरा.

पाहुणे शुक्रवारी दुपारी येत असतील तर आधी सिव्हिल लाइन्सचा अजब बंगला दाखवा. 1863 चं संग्रहालय, सोमवारी बंद. वाकाटकांच्या ताम्रपटांत अक्षराच्या डोक्यावर चिमुकली चौकट असते. ती एकदा ओळखता आली की जुना लेख बघायची नजरच बदलते.

धरमपेठकर: फार उपयोगी, दादा. रविवारी मार्कंडा की चंद्रपूर?

वैनगंगाकाठ: चंद्रपूर. मार्कंड्याची देवळं अप्रतिम आहेत, पण चामोर्शीपर्यंत जाऊन त्याच दिवशी परतायचं म्हणजे घाईत शिल्पांवर नुसती नजर फिरते. त्याला मुक्काम हवा.

पहाटे सहाला निघा. जाम, वरोरा करत आधी भद्रावती लागतं. तिथली विजासन लेणी: डोंगरात सरळ घुसलेला सुमारे 71 फुटांचा बोगदा, टोकाला बसलेले बुद्ध. आत काळोख असतो, मोबाईलचा उजेड पुरत नाही. माणशी टॉर्च घ्या.

चंद्रपुरात जटपुरा गेटवर हत्तीवर चढलेला सिंह शोधा, ते गोंड राजांचं चिन्ह. मग अचलेश्वर दरवाजाजवळ राजांच्या समाध्या. गोंड राजा बीरशहाची सगळ्यात मोठी, राणी हिराईने बांधलेली. लालपेठच्या अर्धवट राहिलेल्या प्रचंड मूर्ती सोडू नका. दहा तोंडांमुळे जिला लोक रावण म्हणतात, ती दुर्गा आहे. दुपारी तीनला परतीला लागा, म्हणजे जामपर्यंत उजेड राहील.