मदत हवी आहे: हॉलला गडद निळा-करडा रंग द्यावा का?

कोथरूडला आमचा जुना २ बीएचके आहे, दिवाळीआधी रंगकाम काढलंय. सोफ्यामागची एकच १२ फुटी भिंत गडद निळसर करडी करायचं माझ्या डोक्यात बसलंय, पावसाआधी आभाळ भरून येतं ना अगदी तसा रंग. आईने शेड कार्ड बघूनच नाक मुरडलं, म्हणे घराला अवकळा येईल. अडचण अशी की हॉलला खिडकी एकच, ती पण उत्तरेला, थेट ऊन येतच नाही आणि वर ६५०० केल्विनची पांढरी ट्यूब, नमुन्याचा पट्टा मारून बघितला तर दिवसा छान निळा दिसणारा रंग रात्री चक्क सिमेंट! ३००० चे पिवळसर दिवे लावून कोणाला फरक पडलाय का? पेंटर म्हणतो मॅट नको, हात लागला की डाग दिसतात, सॅटिन घ्या, पण मग पुट्टीचे उंचवटे चमकणार ना?

बाकी तीन भिंती ऑफ व्हाइट की क्रीम? फर्निचर सागवानी, आजोबांच्या वेळचं, ते हलणार नाही. पडदे मोहरी रंगाचे घ्यायचा विचार आहे. कोणाकडे असा हॉल असेल तर फोटो टाका प्लीज, रात्रीचा पण, रविवारी पेंटरला शेड नंबर सांगायचाय.