मदत हवी आहे: स्पॅनिशमधलं 'एन्त्रान्याब्ले' माणसाला कसं लावायचं?

नमस्कार. मी शिकायला स्पेनमधल्या सालामांकात आहे आणि दहा महिने एका आजींच्या घरी खोली घेऊन राहते. येत्या शनिवारी मुक्काम हलतोय. त्यांच्यासाठी चार ओळींचं पत्र लिहायला घेतलंय, त्यात 'एन्त्रान्याब्ले' हे विशेषण घालायचंय आणि तिथेच अडलेय.

शब्दकोशात अर्थ मिळाला: जवळचा, अतिशय मायेचा. म्हणून मी 'प्रेमळ' धरून चालले होते. पण नाताळात इथे ज्याच्या त्याच्या तोंडी 'एन एस्तास फेचास तान एन्त्रान्याब्लेस' ऐकलं. फेचास म्हणजे तारखा. तारखा प्रेमळ कशा असतील? आजी तर कोपऱ्यावरच्या जुन्या किराणा दुकानालाही हाच शब्द लावतात.

मग कळलं की मूळ शब्द 'एन्त्रान्यास', म्हणजे पोटातली आतडी. आपण 'आतड्याची माया' म्हणतो, अगदी तेच! तेव्हापासून हा शब्द मनातून जात नाही. मला ताप होता त्या रात्री आजी दोनदा उठून, कपाळाला हात लावून गेल्या. त्यांना नुसतं 'सिंपातिका', म्हणजे छान स्वभावाच्या, म्हणून माझं समाधान होत नाही.

तर थेट त्यांनाच 'तुम्ही एन्त्रान्याब्ले आहात' म्हटलेलं चालेल का? 'असणे'साठी 'सेर' वापरू की 'एस्तार'? की सरळ 'कारिन्योसा' लिहू?

प्रतिसाद:
'कारिन्योसा' म्हणजे जी माया दाखवते, जवळ घेते. 'एन्त्रान्याब्ले' म्हणजे जिच्याबद्दल आपल्याला आतून माया दाटते. 'प्रेमळ'च्या जागी 'जिव्हाळ्याचा' ठेवून बघा. जिव्हाळ्याचे दिवस, जिव्हाळ्याचं दुकान, सगळं बसतं.

क्रियापद 'सेर'च. स्त्रीलिंगी रूप वेगळं नाही, अनेकवचनात फक्त 'स' लागतो. तोंडावर म्हटलं तरी चूक नाही, पण हा शब्द बहुधा तिसऱ्याजवळ एखाद्याचं वर्णन करताना येतो. पत्रात आठवणीला लावा, जास्त सहज वाटेल: 'ग्वार्दारे ऊन रेक्वेर्दो एन्त्रान्याब्ले दे उस्तेद', तुमची जिव्हाळ्याची आठवण जपून ठेवीन. हातानं लिहिणार असाल तर 'एन'वरची नागमोडी रेघ विसरू नका. आणि त्यांना 'उस्तेद', म्हणजे 'तुम्ही', म्हणता ना?

धागाकर्ती:
खूप खूप आभार, 'जिव्हाळ्याचा'नं गाठच सुटली. 'उस्तेद' नाही म्हणत, पहिल्याच आठवड्यात त्यांनी 'तू' म्हणायला लावलं.

प्रतिसाद:
मग शेवटी 'दे उस्तेद'च्या जागी 'दे ती' लिहा.