ॲक्सेसच्या फॉर्मवर ‘पुढील’ बटण मधल्याच नोंदीवर का अडते? (त्रुटी क्रमांक २१०५)

प्रश्न

मायक्रोसॉफ्ट ॲक्सेस या डेटाबेस प्रणालीतील एका फॉर्मच्या तळाशी आपोआप दिसणारी नोंदींची पट्टी मी बंद केली असून तिच्या जागी ‘पहिली’, ‘मागील’, ‘पुढील’ आणि ‘शेवटची’ अशी चार बटणे स्वतः बसवली आहेत. प्रत्येक बटणाच्या क्लिक इव्हेंटमध्ये डूकमांडच्या गोटूरेकॉर्डची (हव्या त्या नोंदीवर नेणाऱ्या आज्ञेची) एकच ओळ आहे. शेवटच्या नोंदीनंतर ‘पुढील’ दाबल्यास कोरी नोंद उघडते आणि पुन्हा दाबल्यास त्या नोंदीवर जाता येत नाही अशा अर्थाची २१०५ क्रमांकाची त्रुटी येते, हे मला समजते. परंतु कधीकधी पुढे भरपूर नोंदी शिल्लक असतानाही मध्येच हीच त्रुटी येते. तूर्त मी ऑन एरर रिझ्यूम नेक्स्ट (त्रुटी आली तरी पुढच्या ओळीवर जा, ही सूचना) लिहून संदेश दडपला आहे. मात्र आता बटण दाबले तरी काहीच घडत नाही आणि वापरणाऱ्यांना ते बिघडल्यासारखे वाटते. याचे कारण काय असावे?

पहिले उत्तर

ऑन एरर रिझ्यूम नेक्स्ट ही ओळ सर्वप्रथम काढून टाकावी. तिने रोग बरा झालेला नाही, केवळ रोग्याचे तोंड बंद झाले आहे.

ॲक्सेसमध्ये बद्ध (टेबल किंवा क्वेरीशी थेट जोडलेल्या) फॉर्मवर एका नोंदीवरून दुसरीवर जाणे हे प्रत्यक्षात दोन टप्प्यांचे काम असते. चालू नोंदीत काही बदल केलेला असेल तर तो आधी जतन होतो आणि जतन यशस्वी झाले तरच फॉर्म पुढे सरकतो. एखादे अनिवार्य फील्ड रिकामे असेल, वैधतेचा नियम मोडला असेल किंवा जतनाच्या आधी चालणाऱ्या बिफोर अपडेट इव्हेंटमध्ये आपणच कॅन्सलला ट्रू देऊन जतन रद्द केले असेल, तर जतन फसते आणि गोटूरेकॉर्ड आपल्या परीने एवढेच सांगते की तिथे जाता येत नाही. म्हणजे २१०५ हा क्रमांक खरा असला, तरी तो मूळ अडचणीचा नसून तिच्या परिणामाचा असतो.

म्हणून हे दोन टप्पे कोडमध्येही वेगळे करावेत. गोटूरेकॉर्डच्या आधी ‘इफ मी.डर्टी देन मी.डर्टी = फॉल्स’ ही ओळ लिहावी; डर्टी ट्रू म्हणजे नोंदीत जतन न झालेला बदल आहे. (व्हीबीए या ॲक्सेसच्या कोडभाषेतला हा ‘मी’ म्हणजे ज्याच्या मागे कोड लिहिला आहे तो फॉर्म, मराठी माणसाला तरी तो समजावून सांगावा लागू नये.) या ओळीने जतन तिथेच होते आणि ते फसले तर त्रुटीही याच ओळीवर येते. मग अडचण जतन करण्यात आहे की सरकण्यात, याविषयी संशय राहत नाही.

दुसरे उत्तर

वरील निदानाशी मी सहमत आहे. टोकाच्या नोंदींविषयी थोडी भर घालतो. त्रुटी येऊ देऊन ती पकडण्यापेक्षा, जिथे जाता येत नाही तिथे बटणच निष्क्रिय करणे मला अधिक योग्य वाटते, आणि त्यासाठी फॉर्मचा करंट इव्हेंट ही नेमकी जागा आहे, कारण नोंद कोणत्याही मार्गाने बदलली तरी तो चालतो. करंटरेकॉर्डची किंमत १ असेल तर ‘मागील’ बंद करावे आणि न्यूरेकॉर्ड ट्रू असेल, म्हणजे कोरी नोंद समोर असेल, तर ‘पुढील’ बंद करावे. इथे एक खोच आहे: ज्या बटणावर फोकस आहे ते निष्क्रिय करता येत नाही आणि २१६४ क्रमांकाची त्रुटी येते, म्हणून आधी फोकस एखाद्या मजकूरपेटीवर हलवावा.

एकूण नोंदी मोजताना रेकॉर्डसेटक्लोनच्या (फॉर्मच्या नोंदींच्या संचाच्या, म्हणजे रेकॉर्डसेटच्या, प्रतीच्या) रेकॉर्डकाउंटवर लगेच विसंबू नये. डायनासेट या रेकॉर्डसेटच्या प्रकारात तो आतापर्यंत वाचून झालेल्या नोंदीच मोजतो. खरा आकडा मूव्हलास्टनंतर मिळतो. रेकॉर्डसेट रिकामा असताना मूव्हलास्ट केल्यास मात्र ३०२१ क्रमांकाची त्रुटी येते, त्यामुळे बीओएफ (पहिल्या नोंदीच्या आधी) आणि ईओएफ (शेवटच्या नोंदीनंतर) हे दोन्ही एकाच वेळी ट्रू नाहीत ना, हे आधी तपासावे.

प्रश्नकर्ता

दोघांचेही आभार. जतन करण्याची ओळ वेगळी करताच कारण सापडले: बिफोर अपडेटमध्ये मीच काही महिन्यांपूर्वी लिहिलेली तारखेची तपासणी, जी तारीख रिकामी असल्यास कोणताही संदेश न देता जतन रद्द करत होती. आता तिथे संदेश दिला आहे. एक उपप्रश्न उरतो. रीक्वेरी (फॉर्मच्या नोंदी पुन्हा मागवणे) केल्यावर फॉर्म पहिल्या नोंदीवर परततो. आधी घेतलेला बुकमार्क (नोंदीची जागा दाखवणारी खूण) पुन्हा दिला, तर तो अवैध ठरतो. मूळ नोंदीवर कसे परतावे?

तिसरे उत्तर

रीक्वेरीने रेकॉर्डसेट नव्याने बांधला जातो, त्यामुळे जुने बुकमार्क निरुपयोगी होतात. क्रमांक लक्षात ठेवणेही धोक्याचे आहे, कारण दरम्यान कोणी नोंद वाढवली किंवा पुसली असेल तर तोच क्रमांक दुसऱ्याच नोंदीचा असेल. रीक्वेरीपूर्वी प्रायमरी कीची (प्रत्येक नोंद वेगळी ओळखणाऱ्या फील्डची) किंमत चलात ठेवावी, नंतर रेकॉर्डसेटक्लोनवर फाइंडफर्स्टने ती शोधावी आणि नोमॅच फॉल्स असेल, म्हणजे ती सापडली असेल, तरच क्लोनचा बुकमार्क फॉर्मला द्यावा. क्लोनची जागा फॉर्मपासून स्वतंत्र असल्यामुळे शोध चालू असताना पडद्यावरची नोंद हलत नाही. नोमॅच ट्रू आले, तर ती नोंद पुसली गेली आहे किंवा फॉर्मच्या फिल्टरमध्ये आता बसत नाही असे समजावे.

फॉर्मच्या मुळाशी असलेल्या क्वेरीत ऑर्डर बाय आहे ना, हेही पाहावे. टेबलातील नोंदींना स्वतःचा असा क्रम नसतो. तो सांगितला नसेल तर रीक्वेरीनंतर ‘पुढील’ दाबल्यावर आधीचीच नोंद समोर येईल याची हमी नाही.