मदत हवी आहे: पेपर स्प्रे कोणता घेऊ? जरा लवकर सांगा

नशिराबादकर
पेपर स्प्रे घ्यायचा आहे. ऑनलाइन पन्नास प्रकार दिसताहेत आणि प्रत्येकावर 'सर्वात तीव्र' लिहिलंय. टॉर्चसारखी स्टन गनपण (विजेचा झटका देणारी) दिसली, ३० लाख व्होल्टची. बाजारात एका दुकानात विचारलं तर एकच प्रकार होता, त्याच्यावर तारीखच नाही. परवापर्यंत हातात पाहिजे. कोणता घ्यायचा तेवढं सांगा, बाकी लांबण नको.

तापीथडी
भो, कोनासाठे लेनं शे ते ते सांग पयले. पायी चालणाऱ्यासाठी, गाडीवरच्यासाठी की रेल्वेने अप-डाऊन करणाऱ्यासाठी? दिवसा की रात्री? वापरणाऱ्याला दमा आहे का?

नशिराबादकर
बहिणीसाठी. रात्री कामावरून येते. दम्याचा काय संबंध?

तापीथडी
संबंध आहे. फवाऱ्याचा थोडा तरी अंश मारणाऱ्याकडे येतोच. दमा असेल तर धुक्यासारखा पसरणारा प्रकार घ्यायचाच नाही.
नळी कशी फवारते त्यावरून मुख्य प्रकार तीन. एक धुक्यासारखा, पल्ला दोन-तीन मीटर. नेम चुकला तरी चेहरा सापडतो, पण वारा उलटा असला की तुमचाच. दुसरा पिचकारीसारखी सरळ धार, तीन-चार मीटर. तिसरा जेल, चिकट असतो, वाऱ्याने कमी उडतो, पल्ला चार-पाच मीटरपर्यंत. आपल्याकडे एप्रिल-मेमधल्या वावटळी आणि हायवेवर ट्रकमागून येणारा झोत बघता मी जेलच सांगेन.

बॅटरीवाला भुसावळ
जेलला माझा विरोध आहे. जेल डोळ्यांतच बसायला हवा. कपाळावर किंवा गालावर पडला तर ओघळून डोळ्यांत जाईपर्यंत समोरचा अंगावर आलेला असतो. त्याला चष्मा असेल तर आणखी अवघड. धुकं चष्म्याच्या कडेने आत जातं, श्वासातही जातं, म्हणून लवकर लागू पडतं. घाबरलेल्या माणसाचा नेम बसत नाही हे धरून चाला.

तापीथडी
बंद जागेत तेच धुकं सगळ्यांना लागतं. १३ फेब्रुवारी २०१४ ला लोकसभेत एका खासदाराने फवारा मारला तेव्हा आख्खं सभागृह खोकत बाहेर आलं होतं. बसमध्ये, जिन्यात, लिफ्टमध्ये धुकं म्हणजे स्वतःलाच कोंडून घेणं. ती येते कशी, हे कळल्याशिवाय आपण दोघं भांडून उपयोग नाही.

खान्देशी मसाला
एवढा खर्च कशाला? नंदुरबारची मिरची देशभर जाते. तिखट पूड पाण्यात कालवून स्प्रेच्या बाटलीत भरा. नाहीतर पुडी पर्समध्ये ठेवा.

गिरणाकाठ
दादा, कृपा करून हे कोणाला सांगू नका. मिरचीतला जाळणारा घटक पाण्यात विरघळत नाही, तेलात किंवा स्पिरिटात विरघळतो. पाण्यात पूड तळाला बसते, वर नुसतं लाल पाणी राहतं. ती पूड नळीच्या बारीक भोकात अडकते, पहिल्याच दाबाला बाटली गळते. हातपंपाच्या बाटलीत दाबही नसतो, मीटरभरसुद्धा सरळ जात नाही. पुडी तर ओलाव्याने गठ्ठा होते, आणि मुठीने फेकली की अर्धी आपल्या डोळ्यांत. विकतच्या डबीत मिरचीचा अर्क असतो आणि मागे वायूचा दाब, म्हणून ती चालते.

जय बजरंग व्यायामशाळा
स्प्रेपेक्षा स्टन गन घ्या. ठिणगीचा कडकडाट ऐकूनच समोरचा मागे सरतो. पेपर स्प्रे एकदा संपला की संपला, ही चार्ज होते.

बॅटरीवाला भुसावळ
आकडा तपासून बघा. हवेत एक मिलिमीटर ठिणगी पडायला साधारण ३ हजार व्होल्ट लागतात. खरंच ३० लाख व्होल्ट असते तर ठिणगी एक मीटर उडाली असती. या यंत्राच्या दोन टोकांत अंतर असतं अडीच सेंटिमीटर, म्हणजे फार तर पाऊण लाखाची गोष्ट. वर ती अंगाला टेकवून तीन-चार सेकंद धरून ठेवावी लागते. हात पोचेल इतक्या जवळ माणूस आला आणि तो उभा राहून झटका घेणार? जाड जॅकेटवर तर टोकं नीट टेकतही नाहीत, आणि हिसकावली की तीच आपल्यावर. शिवाय २०१६च्या शस्त्र नियमांत अशा विजेच्या उपकरणांचा समावेश आहे. ऑनलाइन मिळते म्हणून बिनपरवाना चालते असं समजू नका. पेपर स्प्रेला परवाना लागत नाही.

नशिराबादकर
तुम्ही आपसात बोलताय. स्कूटीवर येते ती. एमआयडीसीतून, दुसरी पाळी, ११ ला सुटते. आता सांगा.

गिरणाकाठ
हे पहिल्या ओळीत लिहायला हवं होतं भाऊ. पूर्ण उत्तर बदललं.
चालत्या गाडीवरून फवारा मारायचा नाही. ताशी ४० च्या वेगाला समोरून सेकंदाला ११ मीटरचा वारा असतो, मारलेला सगळा आपल्याच तोंडावर येतो, जेलसुद्धा. गाडी चालू आहे तोवर हत्यार म्हणजे ॲक्सिलरेटर, हॉर्न आणि खाली ओढलेली हेल्मेटची काच. कोणी पाठलाग केला तर थांबायचं नाही, घराच्या गल्लीतही वळायचं नाही. उजेडाच्या आणि माणसांच्या जागी जायचं: पेट्रोल पंप, चालू ढाबा, पोलीस ठाणं. हॉर्न दाबून धरायचा.
स्प्रेची वेळ येते ती गाडी बंद पडल्यावर. म्हणून आधी गाडीच बघा. टायर ट्यूबलेस आहेत का, आत पंक्चरचं द्रव्य भरलंय का, पेट्रोल अर्ध्याखाली जाऊ देते का, हेडलाइटचा झोत खाली रस्त्यावर पडतो का. हे परवाच्या आत होण्यासारखं आहे आणि स्प्रेपेक्षा जास्त उपयोगी आहे.

तापीथडी
बरोबर. आणि डबी डिकीत ठेवू नका. दोन कारणं. वेळेला सीट उघडून शोधणार कधी? आणि बहुतेक डब्यांवर ५० अंशांच्या वर ठेवू नये असं छापलेलं असतं. मे महिन्यात जळगावला सावलीतच ४५ होतं, उन्हात उभ्या गाडीची डिकी त्याच्या बरीच वर जाते. सील ढिलं पडून वायू निघून जातो. डबी भरलेली वाटते, पण दाबल्यावर नुसती लाळेसारखी गळते. जॅकेटच्या बाहेरच्या खिशात ठेवावी, आणि त्या खिशात दुसरं काही नको.

शिरपूर फाटा
मध्येच विचारतो, रात्री कुत्री गाडीमागे लागतात त्याला काय?

गिरणाकाठ
वेग वाढवू नका, पाय वर घेऊ नका, तोल तिथेच जातो. हळू करा, गरज पडली तर थांबा, बहुतेक कुत्री तिथेच थांबतात. उभे असताना स्प्रे कुत्र्यावर चालतो. 'आवाजाने कुत्री पळतात' म्हणून मिळणाऱ्या यंत्रांवर भरवसा ठेवू नका. चावलंच तर साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटं जखम धुवा आणि त्याच दिवशी इंजेक्शन सुरू करा. हळद-चुना लावू नका. आता मूळ विषयाकडे.

बॅटरीवाला भुसावळ
स्कूटी असेल तर जेलवर माझी हरकत मागे, उभ्या गाडीजवळ वारा असतोच. पण सोबत टॉर्च घ्या. मागच्या टोकाला बटण असलेला, ३०० ते ५०० ल्युमेनचा (ल्युमेन म्हणजे उजेडाचं माप). अंधाराला सरावलेल्या डोळ्यांवर झोत पडला की दोन-तीन सेकंद काही दिसत नाही, आणि माणूस ओळखीचा की अनोळखी तेही स्प्रे मारण्याआधी कळतं. पाच प्रकारे लुकलुकणारा घेऊ नका, पहिल्या दाबाला पूर्ण उजेड पाहिजे.
पिन ओढून वाजणारा अलार्म गावात ठीक. अलार्मवर १२० डेसिबल लिहिलेलं असतं ते जवळचं. अंतर दुप्पट झालं की ६ डेसिबल कमी होतात, १ मीटरला १२० तर १०० मीटरला ८०. ट्रकच्या आवाजात कोणी मान वळवणार नाही.

नशिराबादकर
ठीक. जेल आणि टॉर्च. डबी बघून काय तपासू? आणि मारायचा कसा? ती म्हणते दाबलं की झालं.

तापीथडी
दाबलं की होत नाही. घेताना उत्पादनाची आणि संपण्याची तारीख, मिली, उत्पादकाचा पत्ता बघायचा. तारीख नाही ती डबी फुकट दिली तरी नको. लिपस्टिक किंवा पेनच्या आकाराच्या शोभेच्या डब्या नकोत, अंधारात तोंड कुठल्या बाजूला आहे तेच कळत नाही. वर उचलायचं झाकण असलेली घ्या.
पकड: चार बोटं डबीभोवती, बटणावर अंगठा. तर्जनीने दाबलं तर डबी हातातून निसटते. नेम एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत, डोळ्यांच्या रेषेत, अर्धा ते एक सेकंद. सलग दाबून धरलं तर छोटी डबी काही सेकंदांतच रिकामी. मारला की लगेच बाजूला सरकायचं आणि निघायचं, परिणाम बघत उभं राहायचं नाही. काही माणसं डोळे मिटूनही पुढे झेपावतात.
आणल्यावर मोकळ्या जागी, वारा पाठीला घेऊन, एकदा अर्धा सेकंद मारून बघा, मग नळीचं तोंड पुसा. त्यानंतर स्वयंपाकघरातल्या काट्यावर डबीचं वजन करून ते मार्करने डबीवर लिहा. दर दोन महिन्यांनी पुन्हा तोला. न वापरता दोन-चार ग्रॅम कमी भरली तर गळतेय, बदला.

खान्देशी मसाला
स्वतःच्या डोळ्यांत गेलं तर तूप लावावं का?

गिरणाकाठ
नाही. तूप, तेल, क्रीम काही नको, ते अर्काला कातडीवर पसरवतं. चोळायचं नाही. लेन्स असतील तर हात साबणाने धुऊन आधी त्या काढायच्या. डोळे गार पाण्याने १५ मिनिटं, डोळ्यांभोवती बेबी शाम्पू. जळजळ अर्धा-पाऊण तास राहते. दम लागला तर थेट दवाखाना.

वकील चाळीसगाव
कायद्याचं कोणी विचारलं नाही, तरी सांगतो. भारतीय न्याय संहितेची कलमं ३४ ते ४४ स्वसंरक्षणाची. कलम ३७ प्रमाणे बचावाला जेवढी गरज तेवढीच इजा चालते. पार्किंगच्या किंवा शब्दाच्या भांडणात स्प्रे मारला तर गुन्हा तुमच्यावर येऊ शकतो. मे २०२४ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने जागेच्या वादातल्या अशाच प्रकरणात स्प्रेला धोकादायक हत्यार म्हटलं आणि तपास रद्द करायला नकार दिला. म्हणून वापरला की लगेच ११२ ला फोन, पहिली तक्रार तिची असायला हवी. फोनचं पॉवर बटण तीन किंवा पाच वेळा दाबून आपत्कालीन कॉल लागतो, तिच्या फोनला किती ते सेटिंगमध्ये बघून ठेवा. विमानात हा स्प्रे हातातल्या किंवा सामानातल्या कुठल्याच बॅगेत चालत नाही.

आणि मुख्य गोष्ट. रात्री ११ ला सुटणाऱ्या बाईच्या सुरक्षिततेची जबाबदारी मालकाचीही आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या कामगार संहितेत, संध्याकाळी ७ नंतर महिलांना काम द्यायचं तर त्यांची संमती आणि सुरक्षिततेच्या अटी आहेत. दुकानं-आस्थापनांच्या २०१७च्या राज्य कायद्यात तर रात्री साडेनऊनंतर घराच्या दारापर्यंत वाहन, असं स्पष्ट आहे. ती कारखान्यात आहे की ऑफिसात? त्या पाळीला किती बायका आहेत?

नशिराबादकर
चटईच्या कारखान्यात, तपासणी विभागात. अकराएक जणी. चौघी आमच्याच रस्त्याच्या.

वकील चाळीसगाव
मग चौघींचा सहीचा एक अर्ज, दोन प्रती, एकीवर पोच. त्यात गाडी मागा. गाडी मिळेपर्यंत चौघींनी एकत्र निघायचं, हे आजपासून.

नशिराबादकर
करतो. शेवटचं एक: गेटवर बॅग तपासतात. स्प्रे काढून घेतला तर?

तापीथडी
त्याच अर्जात एक ओळ घाला: आत येताना डबी गेटवर जमा, टोकन घेऊन, सुटताना परत. जमा करायची जागा उन्हातली खिडकी नको, एवढं रक्षकाला सांगून ठेवा.