अभ्यासिकेसाठी जुना राऊटर घ्यायचाय, ओपनडब्ल्यूआरटी चालेल असा. कोणता घेऊ?

पारोळेकर:
राम राम मंडळी. पारोळ्यात माझी स्पर्धा परीक्षेची अभ्यासिका आहे, ४० खुर्च्या. बहुतेक शेतकऱ्यांची मुलं-मुली, महिन्याला ५०० रुपये फी, त्यामुळे भारी सामान परवडत नाही. १०० एमबीपीएसची फायबर लाईन आहे. पण संध्याकाळी एकाने लेक्चरचा व्हिडिओ डाऊनलोडला लावला की बाकीच्यांची टेस्ट सिरीज उघडतच नाही. मागच्या रविवारी एका मुलीचा सराव पेपर मधेच तुटला. तिचं तोंड बघून रात्रभर झोप आली नाही. ओपनडब्ल्यूआरटी ही राऊटरवर कंपनीच्या ऐवजी चढवायची मोफत प्रणाली; तिच्यातल्या एसक्यूएमने, म्हणजे नेटची रांग लावून वाटणी करणाऱ्या सोयीने, हे सुटतं असं वाचलं.

जळगावला गोलाणी मार्केटमध्ये फिरून आलो. टीपी-लिंक ८४१एन ३५० ला मिळतोय. दुसरीकडे ऑफिसातून निघालेला चौथ्या पिढीचा आय-थ्री डेस्कटॉप ४,८०० ला आहे, त्यात जास्तीचं लॅन कार्ड टाकून तोच राऊटर म्हणून वापरा म्हणतात. माझी तयारी ३,००० ची, ओढूनताणून ३,५००. काय करू?

साक्रीकर:
भाऊ, ८४१एन घेऊ नका. व्हर्जन ८ ते १२ मध्ये ४ एमबी फ्लॅश (साठवणीची जागा) आणि ३२ एमबी रॅम आहे. एवढ्या लहान राऊटरला ओपनडब्ल्यूआरटीचा १९.०७ हा शेवटचा आधार होता, त्याचेही सुरक्षा अपडेट २०२२ मध्ये थांबले. आज किमान ८/६४ (फ्लॅश/रॅम, एमबीत) लागतं, मी १६/१२८ च्या खाली जातच नाही.

तुमचा त्रास मला आमच्या पांझरा नदीवरच्या फडावरून, म्हणजे पाटाच्या पाण्याच्या सामाईक वाटणीवरून, लगेच कळला. पाटाला पाणी आलं आणि वरच्याने दारं मोडली तर शेवटच्या शेताला थेंब पोचत नाही, म्हणून पाटकरी पाळी लावतो. एसक्यूएम तेच करतं. लाईनचा वेग ८५-९० टक्क्यांवर बांधायचा, म्हणजे रांग तुमच्या राऊटरमध्येच लागते, प्रोव्हायडरकडे तुंबत नाही. रांग लावायचा प्रकार ‘केक’ निवडा. प्रगत पर्यायांत डाऊनलोडला ‘नॅट ड्युअल-डीएसटीहोस्ट’ आणि अपलोडला ‘नॅट ड्युअल-एसआरसीहोस्ट’ लिहा, तरच दर मोबाईलमागे सारखी वाटणी होते. नाहीतर ज्याने २० कनेक्शन उघडली तो २० वाटे घेऊन जातो.

जुना मायक्रोटिक आरबी७५०जीआर३ राऊटर (‘हेक्स’) शोधा. एमटी७६२१ चिप, २५६ एमबी रॅम, १६ एमबी फ्लॅश, पाच गिगाबिट पोर्ट. १०० च्या लाईनवर केक आरामात चालवतो. आमच्या वाचनालयात तीन वर्षं हाच आहे. लेबलवर ‘जीआर३’ स्वतः वाचा, कारण २०२४ मध्ये याच ‘हेक्स’ नावाने वेगळ्या चिपचं मॉडेल आलंय.

भुसावळ_उन्हाळा:
डेस्कटॉपला माझा ठाम नकार. रिकामा बसला तरी ३० वॅट धरा, म्हणजे महिन्याला २१-२२ युनिट. मायक्रोटिक ५-६ वॅटवर भागतो, चार-साडेचार युनिट. आणि आपल्याकडचा मे! ४५ च्या पुढे पारा, पत्र्याची खोली, त्यात पंखा धूळ ओढणार. माझा तसलाच डेस्कटॉप दुसऱ्या उन्हाळ्यात दिवसातून तीनदा आपोआप बंद व्हायला लागला. त्यात घातलेलं ‘इंटेल’चं कार्डही नकली निघालं, ते दुःख वेगळं.

जीआर३ ८ ते ३० व्होल्टवर चालतो. लाईट गेली तर १२ व्होल्टच्या बॅटरीवर थेट लावता येतो, फक्त मधे फ्यूज टाका. ग्रामीण फीडरवर असाल तर यासाठीच घ्या.

चोपडा_केळीबाग:
फोटोवर विश्वास ठेवू नका. मी ऑनलाईन आर्चर सी६ मागवला, फोटोत व्हर्जन ३, हातात आला व्हर्जन २. वरून दोन्ही सारखे. पण २ मध्ये क्वालकॉम चिप आणि ८ एमबी फ्लॅश, ३ मध्ये एमटी७६२१ आणि १६ एमबी. एकाची फाईल दुसऱ्याला चालत नाही. विकणाऱ्याने परत घेतला नाही. तळाच्या लेबलचा फोटो आल्याशिवाय एक रुपया देऊ नका.

पारोळेकर:
बठ्ठ्यांचे आभार. जळगावात जीआर३ २,६०० ला सापडला, लेबल वाचलं. रविवारी आणायला जातो. दुकानात काय बघू? आणि वायफायला प्रोव्हायडरचाच डबा ठेवू का?

साक्रीकर:
लॅपटॉप आणि केबल न्या. पासवर्ड मागून तिथेच लॉगिन करा आणि पाचही पोर्ट एकेक करून जोडून बघा. सिस्टीममध्ये राऊटरबोर्डच्या सेटिंगला ‘प्रोटेक्टेड राऊटरबूट’ चालू असेल तर दुकानदाराकडूनच बंद करून घ्या. ओपनडब्ल्यूआरटी पहिल्यांदा नेटवर्कवरून बूट करूनच, म्हणजे केबलने लॅपटॉपवरून सुरू करूनच, चढतं, आणि ते सेटिंग ती वाट अडवतं. रीसेटवर विसंबू नका.

डब्याचं वायफाय मात्र बंद करा. मुलं त्याला जोडली तर ती पाटकऱ्याच्या वरच्या अंगालाच पाणी घेतील, एसक्यूएमला त्यांचा पत्ताही लागणार नाही. चोपडेकरांनी सांगितलेला सी६ व्हर्जन ३ जीआर३ च्या मागे लावा, नुसता ॲक्सेस पॉइंट म्हणून, म्हणजे फक्त वायफाय पसरवायला. तो पुढच्या महिन्यात घेतलात तरी चालेल. तोवर सराव पेपर देणाऱ्यांसाठी चार टेबलांना केबल ओढा.